भंगारवाला जे नेत नाही, तिथून सुरुवात: रोजची खरेदी जबाबदारीने कशी करावी

एका महिन्याचा घरातला सुका कचरा मी घंटागाडीत न टाकता गॅलरीतल्या पोत्यात साठवला आणि महिनाअखेरीस ओळखीच्या भंगारवाल्याला बोलावून ते पोते त्याच्यापुढे मोकळे केले. रद्दी, पुठ्ठे, तेलाचा पत्र्याचा डबा, फिनेलच्या बाटल्या आणि धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या त्याने तराजूकडे ओढल्या. काचेच्या बाटल्या थोडे कुरकुरत घेतल्या. उरलेला ढीग हाताने बाजूला सारत तो म्हणाला, ‘‘हे कुणी घेत नाही, ताई.’’ त्या ढिगात वेफर्सची आणि बिस्किटांची आतून चंदेरी असलेली वेष्टने होती, शांपूच्या पुड्या होत्या, तयार मसाल्यांची पाकिटे होती. या वेष्टनांत प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून त्यांना भाव नाही, आणि भाव नाही म्हणून ते उचलायला कुणी वाकत नाही. दुधाची पिशवी मात्र एकाच जातीच्या प्लास्टिकची असते, त्यामुळे ती विकली जाते.

तेव्हापासून दुकानात हात पुढे करण्यापूर्वी मी दोन प्रश्न विचारते. वस्तू संपल्यावर जे उरेल ते भंगारवाला नेईल का, हा पहिला. ती ज्यांनी पिकवली, विणली, शिवली किंवा पकडली, त्यांच्या हाती या किमतीतले काय पडले असेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुधा त्या वस्तूवरच सापडते. दुसऱ्यासाठी विचारपूस करावी लागते आणि काही ठिकाणी सारी विचारपूस करूनही उत्तर मिळत नाही. वस्तू मुळात हवी आहे का, हा प्रश्न या दोन्हींच्या आधीचा आहे. त्याचे उत्तर ‘नाही’ आले, तर पुढचे काहीच करावे लागत नाही.

पिशवी आणि किराणा

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिने कैद अशी तरतूद झाली. तरीही बाजारात आज ज्या ‘कापडी’ पिशव्या सर्रास मिळतात, त्यांतल्या पुष्कळशा कापडाच्या नसतात. पिशवीचा काठ नखाने उसवून एक धागा ओढून पाहावा. कापड असेल तर उभा-आडवा धागा सुटून येतो. धागा न येता नुसता कापसासारखा तुसा निघाला आणि पृष्ठभागावर बारीक ठिपक्यांचे ठसे दिसले, तर ती न विणलेल्या प्लास्टिकची पिशवी आहे. ती चार फेऱ्यांत फाटते आणि भंगारवालाही तिला हात लावत नाही.

खऱ्या सुती पिशवीबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कापसाला पाणी लागते आणि फवारण्याही लागतात. त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमात मिळणारी नवी कोरी सुती पिशवी कपाटात साठवत राहण्याने काही साधत नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केवळ हवामानावरचा परिणाम धरला तरी, प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायला सुती पिशवी पन्नासहून अधिक वेळा वापरावी लागते असे निघाले, आणि पाणी व इतर परिणाम धरले तर ही संख्या हजारांत जाते. म्हणून जुन्या साडीच्या किंवा चादरीच्या दोन पिशव्या शिवून घ्याव्यात आणि त्या विटेपर्यंत वापराव्यात, हेच उत्तम. एक दाराच्या खुंटीला आणि दुसरी रोजच्या पर्समध्ये किंवा स्कूटरच्या डिकीत असली की विसरण्याची सबबही उरत नाही.

डाळी, तांदूळ, कडधान्ये, पोहे, रवा या गोष्टी सुट्या देणारी किराणा दुकाने अजून बहुतेक गावांत आणि शहरांच्या जुन्या भागांत टिकून आहेत. तिथे घरचे डबे किंवा कापडी थैल्या घेऊन जावे, रिकामा डबा आधी तराजूवर ठेवून त्याचे वजन वगळायला सांगावे आणि शक्य तो गर्दी नसलेल्या दुपारच्या वेळी जावे. पहिल्या दोन खेपांना दुकानदार वैतागतो, तिसऱ्या खेपेला तो आपण होऊन डबा मागतो, असा माझा अनुभव आहे. खाद्यतेलाचे मात्र वेगळे आहे. सुटे खाद्यतेल विकायला अन्नसुरक्षेच्या नियमांनी मनाई केली आहे आणि भेसळीचा विचार करता ती योग्यच आहे. त्यामुळे एक-एक लिटरच्या पिशव्या घेण्यापेक्षा मोठा पत्र्याचा डबा घ्यावा, एकट्या घराला तो जास्त होत असेल तर शेजारच्या घरात वाटून घ्यावा. रिकामा डबा हमखास विकला जातो. लाकडी घाण्याचे तेल महाग असते, कारण त्यात शेंगदाण्यातले तेल यंत्राइतके पुरते निघत नाही आणि बरेचसे पेंडीत राहते. ती किंमत परवडत असेल, तर आपल्या डोळ्यांदेखत घाणा चालवणाऱ्याकडूनच ते घ्यावे.

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तो तुकडा पिशवीला थोडा चिकटलेला राहील अशी कात्री चालवावी. सुटलेला नखाएवढा त्रिकोण ओल्या कचऱ्यात जातो, तिथून खतात आणि खतातून शेतात. ही सवय लावून घ्यायला पैसा लागत नाही आणि वेळही लागत नाही.

भाजी, फळे आणि मासळी

हंगामात, जवळचे आणि पिकवणाऱ्याच्या हातून, एवढे सांभाळले की भाजीबाबत बरेचसे काम होते. पुण्या-मुंबईत आणि इतर शहरांत शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरतात. तिथे भाव मंडईपेक्षा फार कमी असतीलच असे नाही, परंतु मधल्या हातांचा वाटा कमी होऊन शेतकऱ्याला जास्त पडते. पावसाळ्यात पालघर, ठाणे, रायगड या पट्ट्यातल्या आदिवासी स्त्रिया स्टेशनांबाहेर टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे, फोडशी घेऊन बसतात. पहाटे रान तुडवून खुडलेली ती जुडी पळसाच्या किंवा सागाच्या पानात बांधलेली असते. इथे घासाघीस करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पाच रुपये सोडवून घेतल्याने आपल्या घरात काही फरक पडत नाही, पण तिच्या परतीच्या गाडीभाड्यात पडतो.

आंब्याच्या दिवसांत सगळ्या बाजूंनी एकसारखा पिवळाधमक, पण देठाशी वास नसलेला आणि दाबल्यावर टणक लागणारा आंबा दिसला, तर तो घेऊ नये. फळे पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. इथिलीन वायू मर्यादित प्रमाणात वापरता येतो. सर्वांत चांगला उपाय जुनाच आहे. कच्च्या फळांची पेटी आणावी, भाताच्या पेंढ्यात अढी लावावी आणि आठ-दहा दिवस धीर धरावा.

‘सेंद्रिय’ हा शब्द फलकावर कुणीही लिहू शकतो, म्हणून पाकिटावरचे चिन्ह ओळखता आले पाहिजे. ‘इंडिया ऑरगॅनिक’ हे चिन्ह त्रयस्थ संस्थेच्या तपासणीनंतर मिळते. ‘पीजीएस-इंडिया’ ही दुसरी पद्धत असून तिच्यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात. त्यातही ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे जाण्याच्या वाटेवर असलेले शेत आणि ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’ म्हणजे ती वाट पूर्ण झालेले शेत. मी ‘ग्रीन’ चिन्हाचा माल मुद्दाम घेते, कारण त्या मधल्या वर्षांत उत्पन्न घटण्याची भीती असते आणि सेंद्रियचा पूर्ण भाव हाती यायला अजून अवकाश असतो. त्या काळात कुणीतरी त्यांचा माल उचलला, तरच ते पुढे टिकतील.

मासळी खाणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. १ जून ते ३१ जुलै हा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीच्या बंदीचा काळ आहे, कारण या दिवसांत बहुतेक जाती अंडी घालतात. या दोन महिन्यांत ताज्या समुद्री मासळीचा हट्ट सोडून सुके बोंबील, सोडे, जवळा यांवर भागवावे; आपल्या आज्या हेच करत आल्या आहेत. दुसरी गोष्ट आकाराची. पापलेट २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून जाहीर झाला आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला गेला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. ही लांबी मोजायला पट्टी लागत नाही, तळहात पुढे करून अंदाज येतो. त्याहून लहान पापलेट एकदाही अंडी न घालता जाळ्यात आलेले असते. सातपाटीसारख्या पापलेटसाठी नावाजलेल्या बंदरांचा उद्याचा धंदा या पिलांवरच उभा आहे. ‘‘मावशी, बारकं नको, मोठं आलं की घेईन,’’ एवढे नेमाने म्हणणारी गिऱ्हाइके वाढली, तर बारीक मासळीचा उठाव कमी होतो. बाजारातल्या मावश्या गिऱ्हाइकाच्या आवडीची आठवण पक्की ठेवतात.

कापड आणि चपला

कपड्यांच्या बाबतीत मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण इथे स्वस्ताईची किंमत दुसराच कुणीतरी मोजत असतो आणि ती आपल्याला दिसत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून १,१०० हून अधिक माणसे गेली. त्या इमारतीत परदेशी कंपन्यांसाठी कपडे शिवले जात होते. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते आणि तरीही शिवणकामगारांना कामावर बोलावण्यात आले. ठरलेल्या तारखेला माल गेला पाहिजे आणि भाव वाढता कामा नये, या दोन दट्ट्यांखाली जिथे कुठे कपडे शिवले जातात, तिथे कमी-अधिक प्रमाणात हेच घडण्याची शक्यता राहते. अत्यंत स्वस्त कपडा पाहिला की त्यात कापूस, सूत, रंग, शिलाई, वाहतूक आणि दुकानाचे भाडे किती, याची मनातल्या मनात वजाबाकी करावी. शिवणाऱ्या बाईसाठी काही उरत नसेल, तर प्रत्यक्षातही तिच्या हाती फारसे काही पडलेले नसते.

यावर माझा पहिला सल्ला कमी आणि टिकाऊ घेण्याचा आहे. कपडा उलटा करून शिवण पाहावी: टाके दाट आहेत का, बगलेत आणि बाजूला उसवून वाढवता येईल इतके जास्तीचे कापड आत ठेवले आहे का, बटण दोऱ्याच्या गाठीसह बसवले आहे का. निव्वळ सुती किंवा निव्वळ लोकरी कपडा सूत-पॉलिएस्टरच्या मिश्रणापेक्षा बरा, कारण मिश्र धागे पुन्हा वेगळे करणे अवघड जाते आणि पॉलिएस्टर धुताना त्याचे अतिसूक्ष्म तंतू सांडपाण्यातून नद्यांत जातात. जुने झालेले कपडे टाकून न देता बोहारणीला द्यावेत; भांड्याच्या बदल्यात गेलेला शर्ट धुऊन-दुरुस्त होऊन पुन्हा कुणाच्या तरी अंगावर जातो. आणि जे अंगावर घालण्याजोगे उरलेले नाही, त्याची वाकळ शिवणाऱ्या बाया अजून आहेत. त्यांना काम द्यावे.

हातमागाचे कापड घ्यायचे ठरवले, तर ते खरोखर हातमागाचे आहे याची खात्री करून घेणे हे आपले कर्तव्य आहे. येवल्यात एका विणकराच्या घरी मी मागावरची पैठणी पाहिली. त्याने पदराचा विणून झालेला भाग उचलून त्याची मागची बाजू माझ्यापुढे धरली. मोर तिथेही तितकाच स्वच्छ होता. पैठणीची नक्षी प्रत्येक रंगाचा धागा जागच्या जागी अडकवत विणली जाते, म्हणून ती दोन्हीकडून सारखी दिसते. यंत्रावरच्या नकलेत मागच्या बाजूला सुटे, लोंबते किंवा कापलेले धागे असतात. दुकानात साडी उलगडायला सांगून पदर उलटा करावा. खरा माल असलेला दुकानदार याला कधी नाराज होत नाही. चिन्हांचाही गोंधळ होऊ देऊ नये: ‘सिल्क मार्क’ रेशीम खरे असल्याचे सांगते, साडी हाताने विणली असल्याचे नाही. ते ‘हॅण्डलूम मार्क’ सांगतो. खादीला तिचे वेगळे ‘खादी मार्क’ चिन्ह आहे आणि खादी म्हणजे हाताने कातलेले व हाताने विणलेले, दोन्ही.

कोल्हापुरी चपलांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. अस्सल कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, तळ चामड्याच्याच वादीने शिवतात आणि त्यात खिळा नसतो. म्हणून ती झिजली की पुन्हा शिवता येते आणि शेवटी मातीतही मिसळते. चामडे न वापरणाऱ्यांचे मत मी समजू शकते. मात्र चामड्याऐवजी रेक्झिन घेताना आपण प्लास्टिक घेत आहोत, हे जाणून घ्यावे. पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या चर्मकार कारागिराला त्याचा भाव मिळावा असे वाटत असेल, तर शक्य तेव्हा चप्पल थेट त्याच्याकडून घ्यावी आणि दुरुस्तीलाही त्याच्याकडेच न्यावी.

विजेची उपकरणे

फ्रिज किंवा एसी घेताना वीजबचतीच्या लेबलवरचे नुसते तारे मोजू नयेत. त्याच लेबलवर वर्षाला लागणाऱ्या युनिटांचा आकडा आणि लेबलचा कालावधी छापलेला असतो, तो वाचावा. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक केले जातात, त्यामुळे जुन्या कालावधीचे पाच तारे नव्या पाच ताऱ्यांच्या बरोबरीचे नसतात. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो आणि बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे १६ युनिटे वाचतात. घेण्यापूर्वी दुरुस्तीची सोय गावात आहे का, हे विचारावे. बिघडलेले उपकरण, चार्जर, बॅटऱ्या भंगारात न विकता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्याव्यात, कारण तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्याच्या छातीत तो धूर जातो. पहिल्या प्रश्नाला हा एक अपवाद आहे: इथे भंगारवाला नेतो, तरी देऊ नये.

वेष्टनावरचे दावे

हिरवे पान, ‘निसर्गस्नेही’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असले शब्द दिसले की पाकीट उलटे करून पुरावा शोधावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्यांनुसार मोघम दावा करून चालत नाही. त्याला आधार द्यावा लागतो आणि तो ग्राहकाला पाहता आला पाहिजे. आधार दिसला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ‘कंपोस्टेबल’ पिशवीबाबत विशेष सावध राहावे. ती प्रमाणित असली, तरी ठरावीक उष्णतेच्या मोठ्या खतप्रकल्पात कुजण्यासाठी बनवलेली असते. गॅलरीतल्या कुंडीत किंवा रस्त्याकडेच्या गटारात ती तशी कुजेल असे धरून चालू नये.

साखर

शेवटी त्या वस्तूबद्दल, जिच्यापुढे माझे दोन्ही प्रश्न अपुरे पडले. साखर सुटी मिळते, कापडी थैलीत घरी येते आणि कचरा काहीच उरत नाही. पण ऊस तोडायला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरली जाते आणि एक दिवस खाडा झाला तर त्याचे पैसे कापले जातात. या स्त्रियांमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या प्रमाणावरून २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यांचे श्रम कसे विकत घेतले गेले हे सांगणारे कोणतेही चिन्ह किराणा दुकानातल्या साखरेवर मला आजवर दिसलेले नाही, आणि गूळ घेतल्याने प्रश्न सुटत नाही, कारण ऊस तोच आणि तोडणारे हातही तेच.

दुकानात जे करता येत नाही, ते इथे दुसऱ्या वाटेने करावे लागते. साखरेच्या ५० किलोच्या पोत्यावर कारखान्याचे नाव छापलेले असते. दुकानदाराला विचारून ते टिपून घ्यावे. महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांचे सभासद घरोघरी आहेत. आपण नसलो तरी काका, मामा, सासरे यांपैकी कुणीतरी असतेच, आणि सभासदाला वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. कारखान्याच्या तोडणी तळांवर शौचालये आणि पिण्याचे पाणी आहे का. मुलांसाठी साखरशाळा चालू हंगामात खरोखर भरली का, आणि किती दिवस. बाई आजारी पडली तर खाड्याचे पैसे कापले जातात का, आणि तसे न कापण्याचा ठराव करायला कारखाना तयार आहे का. मी माझ्या मामांना हे तीन प्रश्न कागदावर लिहून दिले आहेत, कारण सभेत गडबडीत तोंडी विचारलेल्या गोष्टी इतिवृत्तात येत नाहीत. लेखी दिल्या, पोच घेतली आणि ती जपून ठेवली की त्यांचे उत्तर पुढच्या वर्षी पुन्हा मागता येते.